परड्यातला दिवा आपोआप लावायचा, तर पीआयआर सेन्सर कुठं आणि कसा बसवावा

खानापूर तालुक्यात आमचा गोठा परड्यात आहे. पावसाळ्यात रात्री आईच्या एका हातात छत्री, दुसऱ्यात वैरण. बॅटरी धरायला हातच उरत नाही. म्हणून माणूस आला की दिवा लावणारा हा छोटा बोर्ड बसवला. जोडणी तासाभरात झाली. जागा सापडायला मात्र आठवडा गेला, म्हणून त्याबद्दल जरा जास्त सांगतो.

सामान असं: एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर (अंगाच्या उबेवरून हालचाल ओळखणारा), अर्डुइनो ऊनो (प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड), ५ व्होल्टचा रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारं बटण), यूएसबीवर चालणारा एलईडी दिवा आणि मोबाईलचा चार्जर.

१. सेन्सरची पांढरी टोपी हलकेच काढा. खाली व्हीसीसी (वीज आत येते ती पिन), आउट (इशारा बाहेर जातो ती), जीएनडी (ग्राउंड) अशी नावं छापलेली असतात. ती वाचूनच वायर लावा, क्रम अंदाजाने धरू नका. व्हीसीसी ऊनोच्या ५ व्होल्टला, जीएनडी जीएनडीला, आउट पिन २ ला. हालचाल कळली की आउटवर ३.३ व्होल्ट येतात, ऊनोला तेवढे पुरतात.

२. रिले नंतर. आधी पिन २ वाचून बोर्डावरचा १३ नंबरचा एलईडी लावणारा चार ओळींचा प्रोग्राम चढवा. वीज दिल्यावर साधारण मिनिटभर सेन्सर स्थिर होत असतो, तेवढ्यात तो उगाचच चालू-बंद होतो. आमच्याकडे लाईट जाऊन आली की दरवेळी हे होतं. बोर्ड बिघडला असं समजू नका.

३. सेन्सरवर दोन छोटे स्क्रू आहेत. एकाने पल्ला ठरतो, सुमारे ३ ते ७ मीटर. दुसऱ्याने दिवा किती वेळ चालू राहावा ते, काही सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत. तपासताना वेळ सगळ्यात कमी ठेवा. सेन्सरवरचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) ‘एच’वर ठेवलात तर माणूस हलत असेपर्यंत दिवा विझत नाही. गोठ्यात तेच हवं.

४. आता जागा. मी आधी सेन्सर वाटेच्या समोर लावला होता. आई अगदी जवळ आली तरी दिवा लागेना. सेन्सरच्या आत दोन भाग शेजारी-शेजारी असतात. अंगाची ऊब आधी एकावर, मग दुसऱ्यावर पडली की त्याला हालचाल कळते. सरळ त्याच्याकडे चालत आलं की दोन्हींवर जवळपास एकदमच पडते. सेन्सर वाटेच्या बाजूला, माणूस आडवा जाईल असा लावल्यावर पहिल्याच रात्री काम झालं.

म्हैसही उबदारच असते! तिच्या हालचालीने दिवा लागू नये म्हणून टोपीचा तिच्याकडचा भाग काळ्या टेपने झाका. पावसापासून वाचवायला वळचणीखाली बसवा, पण काचेमागे नको. अंगाची उष्णता काचेतून पार होत नाही. चिक्कोडी-अथणीकडे मे महिन्यात हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा पल्ला कमी झालेला दिसेल.

५. एवढं जमल्यावर रिले जोडा. बरेच मॉड्यूल उलटे चालतात, पिन ‘लो’ (वीज बंद) झाली की दिवा लागतो. तसं दिसलं तर प्रोग्राममध्ये ‘हाय’ आणि ‘लो’ची अदलाबदल करा. रिलेमधून फक्त ५ व्होल्टचा दिवा चालवा. २३० व्होल्टचा बल्ब हवा असेल तर ते काम वायरमनकडूनच करून घ्या, विशेषतः ओल्या परड्यात.