मूळ लीज सापडत नाही, तरी घर घ्यावं का?

नोकरीसाठी मुंबईत आलेली आपल्या भागातली मुलं चार-पाच वर्षं भाड्याच्या खोल्या बदलून दमली, की घर शोधायला लागतात आणि मला फोन करतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. घर आवडलेलं असतं, भाव जमलेला असतो आणि तेव्हा एजंट सांगतो, "जमीन लीजची आहे, मूळ लीजचा कागद तेवढा सापडत नाही, पण त्याने काही अडत नाही." अडतं की नाही हे एजंटने ठरवायचं नसतं. ते तुम्ही ठरवायचं, आणि टोकन देण्याआधी ठरवायचं.

आधी लीज, म्हणजे जमिनीचा लांब मुदतीचा भाडेपट्टा, या प्रकाराची भीती काढून टाका. आपण सातबाऱ्यावर वाढलेली माणसं. उताऱ्यावर दुसऱ्याचं नाव म्हणजे जमीन दुसऱ्याची, एवढंच आपल्याला माहीत. मुंबईत बहुतेक ठिकाणी सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका असते, जिला इथे सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. तिच्यावर मालक म्हणून महापालिका, शासन, म्हाडा, बंदर प्राधिकरण किंवा एखादा खासगी ट्रस्ट दिसला, तर गावी वडिलांच्या पोटात गोळा येतो. पण या शहराचा मोठा भाग असाच वसला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने दादर-माटुंग्याकडे भूखंड पाडून भाडेपट्ट्याने दिले, आणि १९३३ मध्ये तो ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. तिथे आज तिसरी-चौथी पिढी सुखाने राहते. खाडीपलीकडे नवी मुंबईत सिडकोने तर भूखंड ६० वर्षांच्या लीजवरच दिले. त्यामुळे जमीन लीजची आहे म्हणून चांगलं घर सोडू नका.

लीज कुणाच्या नावावर आहे, हे पहिलं विचारा. सोसायटीतला फ्लॅट असेल, तर जमिनीचं लीज बहुधा सोसायटीच्या नावावर असतं आणि मूळ कागद तिच्याच कपाटात राहतो. तो विकणाऱ्याकडे नसणं यात काहीच वावगं नाही. त्याच्याकडे हवेत ते शेअर सर्टिफिकेट आणि बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार. लीजची प्रत सभासद म्हणून त्याने सोसायटीकडून आणून द्यावी. बंगला, रो-हाऊस किंवा भूखंड असेल आणि लीज थेट विकणाऱ्याच्या नावावर असेल, तर मात्र मूळ कागद त्याच्याकडेच असायला हवा. खरी चौकशी सुरू होते ती इथे.

कागद सापडत नाही असं कुणी म्हणतं, तेव्हा त्यामागे काय काय असू शकतं ते ऐका. कधी तो खरंच हरवलेला असतो: पावसाचं पाणी घरात शिरलं, वडील गेले, भावाभावांत वाटण्या झाल्या, घर बदललं. हे सगळ्यात कमी काळजीचं. दुसरी शक्यता मला सगळ्यात जास्त छळते. कागद हरवलेला नसतो, तो कर्जापोटी बँकेत किंवा एखाद्या सावकाराकडे ठेवलेला असतो. आपल्या कायद्यात मूळ दस्त नुसते हवाली करूनही मिळकत गहाण टाकता येते. मूळ कागद हातात नसताना पैसे दिले आणि तो उद्या बँकेच्या तिजोरीतून निघाला, तर तुमच्या गळ्यात दुसऱ्याचं कर्ज पडतं. म्हणून वकिलाला सेरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत शोध घ्यायला सांगा, दुय्यम निबंधकाकडे गहाणाची नोटीस दाखल आहे का ते पाहायला सांगा, आणि प्रॉपर्टी कार्डवरचे 'पट्टेदार' आणि 'इतर भार' हे रकाने स्वतः वाचा. एवढ्याने सगळं उघड होईलच असं नाही. सावकाराकडचा व्यवहार बऱ्याचदा कुठल्याच नोंदवहीत नसतो, आणि म्हणूनच पुढे सांगितलेली जाहीर नोटीस टाळू नका.

तिसरी शक्यता म्हाडाच्या जुन्या वसाहतींत भेटते. तिथे काही इमारतींचं लीज डीड कधी झालेलंच नसतं. वाटपपत्र असतं, पैसे भरलेले असतात, सोसायटी नोंदलेली असते, पण जमिनीचा भाडेपट्टा आणि इमारतीचं विक्रीखत अजून व्हायचं असतं. असा कागद तुम्ही जन्मभर शोधलात तरी सापडणार नाही. आणि चौथी, लीजची मुदतच संपलेली असते, तेव्हा जुना कागद दाखवायला कुणी उत्सुक नसतं.

या चारांतलं कुठलं खरं आहे, हे कळायचा सरळ मार्ग म्हणजे प्रमाणित प्रत. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, आणि नोंदलेल्या दस्ताची प्रमाणित प्रत फी भरून कुणालाही मागता येते. अशी प्रत दस्तातल्या मजकुराचा पुरावा म्हणून कोर्टातही चालते. त्यासाठी नोंदणी क्रमांक आणि वर्ष लागतं. ते नंतरच्या एखाद्या करारात, सोसायटीच्या फाइलमध्ये किंवा इंडेक्स टू वर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, सापडतं. नवे दस्त नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. जुन्यांसाठी फोर्टातल्या जुन्या कस्टम हाऊससारख्या कार्यालयातली पुस्तकं प्रत्यक्ष चाळावी लागतात, आणि ते काम सर्च क्लार्ककडून करून घ्यावं. सर्च रिपोर्टमध्ये अमुक वर्षांची पानं फाटलेली असल्याचा शेरा आला, तर तो वाचून पुढे जाऊ नका. त्या वर्षांचं काय, हे वकिलाला विचारा.

दुसरा रस्ता जमीन देणाऱ्याकडे जातो. नोंदणीकृत भाडेपट्ट्यावर देणारा आणि घेणारा दोघांच्याही सह्या लागतात, त्यामुळे देणाऱ्याच्या दप्तरी प्रत असतेच असं धरून चाला. म्हाडासाठी वांद्रे पूर्वेचं गृहनिर्माण भवन, शासकीय जमिनीसाठी जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिकेच्या जमिनीसाठी तिचा मालमत्ता विभाग. विकणाऱ्याने अर्ज करावा. टाळाटाळ झाली तर १० रुपये फी भरून माहितीच्या अधिकारात मागावी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खासगी ट्रस्टच्या बाबतीत वकिलाच्या पत्रानेच काम होतं.

प्रत हाती आली की ती पूर्ण वाचा, वकील करणार असला तरीही. मुदत किती उरली, नूतनीकरणाची अट काय, भाडं थकलंय का, वापर निवासीच आहे ना, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हस्तांतरणाला देणाऱ्याची पूर्वपरवानगी लागते का. शासकीय जमिनीवर परवानगीशिवाय खरेदी झाली तर तो शर्तभंग ठरतो. हस्तांतरण शुल्क लाखांत जाऊ शकतं, ते कोण भरणार हे करारात लिहून घ्या. उरलेली मुदत तुमच्या गृहकर्जाच्या मुदतीपेक्षा भरपूर जास्त हवी, नाहीतर बँकच नाही म्हणेल.

कागद खरंच हरवला असेल, तर त्याची तक्रार विकणाऱ्याने पोलिसांत द्यायची. तुम्ही नाही. त्याचं प्रतिज्ञापत्र आणि इन्डेम्निटी बॉण्ड, म्हणजे नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी, घ्या. मग एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, बहुधा १४ दिवसांची. नोटीस तुमच्या वकिलाच्या नावाने निघू दे, आणि तिच्यात सी.टी.एस. क्रमांक (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक), लीजची तारीख, नोंदणी क्रमांक, देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं सगळं असू दे. मोघम नोटीस कुणाच्या लक्षात येत नाही. विकणारा म्हणेल, माझ्या वकिलानेच सगळं बघितलंय, वेगळा खर्च कशाला? नम्रपणे नाही म्हणा. आयुष्यभराची पुंजी घालताना वकील आपलाच हवा.

या सगळ्याला दीड-दोन महिने सहज जातात. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक येईल अशी भीती घातली जाईल. टोकन द्यावंच लागलं तर चेकने द्या, छोटं द्या, आणि टायटल क्लिअर न निघाल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास ते परत मिळेल असं लिहून घ्या. बँकेच्या माणसाला मूळ लीज नसल्याचं पहिल्याच दिवशी सांगा. काही बँका प्रमाणित प्रत, पोलीस तक्रार आणि नोटिशीवर कर्ज देतात, काही देत नाहीत.

नोंदणीच्या दिवशी प्रमाणित प्रत, पोलीस तक्रारीची पोच, दोन्ही वर्तमानपत्रांचे पूर्ण अंक, हरकत न आल्याचं वकिलाचं पत्र, प्रतिज्ञापत्र आणि बॉण्ड हे सगळं ताब्यात घ्या आणि त्याची यादी करारालाच जोडा. मूळ लीज पुढे सापडलं तर ते विकणाऱ्याने तुम्हालाच द्यायचं, हे कलमही त्याच करारात घाला.