पावसाळ्यात पांढुरक्या पडलेल्या टँक कमांडरची दुरुस्ती

कोल्हापुरात जुलैमधली हवा इतकी दमट असते की रणगाड्यांच्या प्रतिकृतींवर अखेरचे मॅट, म्हणजे चमक नसलेले, वॉर्निश मारणे रंगकामाहून अवघड ठरते. १९६५ च्या भारत-पाक युद्धातील असल उत्तर (पंजाब) येथील लढाईतल्या सेंच्युरियन रणगाड्यासाठी मी १/३५ प्रमाणातला, म्हणजे उभा केल्यास सुमारे ५० मिलिमीटर उंचीचा, कमांडर रंगवला होता; स्प्रेचे वॉर्निश वाळले आणि त्याची काळी बेरे टोपी राखाडी दिसू लागली.

दोष रंगाचा नसतो. वॉर्निशमधील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प तेथे साचते आणि वाळणाऱ्या थरात सूक्ष्म पोकळ्या राहून प्रकाश विखुरतो. त्यामुळे आकृती खरवडून पुन्हा रंगवावी लागत नाही आणि चेहऱ्यावर घेतलेले कष्ट वाचतात, हे मला फार मोलाचे वाटते.

पाऊस उघडून ऊन पडलेल्या दुपारी मी त्याच प्रकारचे, पण चकचकीत वॉर्निश एअरब्रशने पातळ मारले. त्यातील द्रावकाने वरचा थर किंचित विरघळला, पोकळ्या भरल्या आणि टोपीचा काळा रंग परत आला. ते पूर्ण वाळल्यावर मॅट वॉर्निशचे अगदी हलके हात दिले. द्रावक सावकाश उडावा म्हणून त्यात थोडे रिटार्डर मिसळले. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल, तर आता मी वॉर्निशची बाटली उघडतच नाही. पट्ट्याचे पितळी बक्कल मात्र मॅट थरानंतरच रंगवावे, नाहीतर त्याची चमक जाते.