रात्री वारंवार जागणाऱ्या लहान मुलाला सलग झोपेची सवय कशी लावावी

एक ते तीन वर्षांचे मूल रात्री दोन-तीनदा उठून रडू लागले की सगळ्यांचे लक्ष साहजिकच त्या मध्यरात्रीच्या रडण्याकडे जाते आणि त्या क्षणी जो उपाय हाताशी असेल तो करून, म्हणजे कडेवर घेऊन फेऱ्या मारून, अंगावर पाजून किंवा बाटली तोंडात देऊन, त्याला कसेबसे पुन्हा झोपवले जाते. त्या घटकेला दुसरे काही सुचतही नाही. तरीही या अडचणीवरचा खरा उपाय बहुतेक वेळा मध्यरात्री करायचा नसून, संध्याकाळी मूल पहिल्यांदा झोपी जाते त्या वेळी करायचा असतो, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण झोपेच्या घडणीत आहे. कोणाचीही झोप रात्रभर एकसारखी गाढ नसते. ती कधी गाढ, कधी हलकी अशी आवर्तनांत चालते. मोठ्या माणसांत असे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते, तर लहान मुलांत ते त्याहून कमी वेळाचे असते. आवर्तन संपता संपता झोप इतकी हलकी होते की मूल कूस बदलते, क्षणभर डोळे किलकिले करते आणि सगळे झोपताना होते तसेच आहे असे जाणवले तर पुन्हा झोपी जाते. आता जे मूल मांडीवर थोपटून घेत झोपले आणि नंतर अलगद गादीवर ठेवले गेले, त्याला जाग येते तेव्हा मांडी नसते, थोपटणारा हात नसतो आणि खोलीतला दिवाही विझलेला असतो. ते घाबरून रडते, आणि झोपेसाठी जे हवे असते तेच मागते. यात हट्ट नाही की लाडावलेपणही नाही. झोपी जाण्याची जी एकच रीत त्याला ठाऊक आहे ती त्याला एकट्याने जमत नाही, एवढाच याचा अर्थ आहे. म्हणून जागणे बंद करणे हे आपले उद्दिष्ट नसते. जाग आल्यावर मुलाला आपले आपण पुन्हा झोपता यावे, हे उद्दिष्ट असते.

पहिली पायरी : दुखणे नाही ना, याची खात्री करावी

सवयीचा विचार करण्याआधी शरीराचा विचार करावा. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, झोपेत मान मागे टाकून घामाघूम होत असेल किंवा मध्येच त्याचा श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर टॉन्सिल किंवा नाकामागची ग्रंथी वाढलेली असण्याची शक्यता असते आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवणे टाळू नये. कानाचे दुखणे आडवे झाल्यावर वाढते. गुदद्वारापाशी रात्री खाज सुटत असेल तर जंतांचा संशय घ्यावा. कातडीची खाज, रात्रीचा खोकला आणि बद्धकोष्ठता यांनीही झोप मोडते. झोपेत पाय सतत झाडणाऱ्या, अंथरुणात अस्वस्थपणे लोळणाऱ्या मुलाच्या शरीरात लोह कमी असू शकते आणि ते रक्ततपासणीत कळते, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. त्यामुळे डॉक्टरांशी बोलताना पाय झाडण्याचा उल्लेख आवर्जून करावा. दाढा येण्यावर मात्र सगळा दोष ढकलू नये, कारण तो त्रास काही दिवसांचा असतो, महिनोन्महिने चालणारा नसतो.

दुसरी पायरी : आठवडाभर टिपण ठेवावे

एक वही उशाशी ठेवावी आणि मूल किती वाजता झोपले, कसे झोपवले, केव्हा उठले, किती वेळ जागे राहिले, कशाने पुन्हा झोपले आणि दुपारी किती झोपले, एवढेच लिहावे. जागरणाने थकलेल्या माणसाला रात्रीचे नीट आठवत नाही, म्हणून लिहिणे गरजेचे आहे.

आठवड्याने या नोंदी बरेच काही सांगतात. मूल दर तास-दोन तासांनी उठते आणि जवळ घेताच लगेच झोपते असे दिसले, तर अडचण वर सांगितलेल्या सवयीची आहे. ते मध्यरात्री उठून तास-दीड तास टक्क जागे राहते, खेळते, हसते, पण फारसे रडत नाही असे दिसले, तर त्याला गरजेपेक्षा जास्त वेळ अंथरुणात ठेवले जात असावे किंवा त्याची दिवसाची झोप जास्त होत असावी. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांतच ते किंचाळत उठते आणि आपल्याला ओळखतही नाही असे दिसले, तर तो वेगळाच प्रकार आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तिसरी पायरी : दिवसाचा हिशेब जुळवावा

एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दिवसाची झोप धरून, ११ ते १४ तास झोप लागते आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. समजा, एखाद्या मुलाची एकूण गरज १२ तासांची आहे आणि ते दुपारीच तीन तास झोपते. अशा मुलाला रात्री आठ ते सकाळी सात असे अकरा तास अंथरुणात ठेवले, तर त्यांतले दोन तास ते जागे राहणारच, आणि ते दोन तास संध्याकाळी जातील की पहाटे तीन वाजता, एवढाच काय तो फरक.

साधारण १५ ते १८ महिन्यांच्या सुमारास बहुतेक मुले दिवसाच्या दोन झोपांवरून एकीवर येतात. ती एक झोप दुपारी लवकर व्हावी आणि तीन-साडेतीनच्या पुढे लांबू नये. मात्र रात्री चांगले झोपेल या आशेने दुपारची झोप एकदम बंद करू नये. अतिशय दमलेले मूल चिडचिडे होते, त्याला झोप लागायला वेळ लागतो आणि रात्री ते अधिक वेळा दचकून उठते. सकाळी उठवण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवावी, उठल्यावर त्याला उजेडात न्यावे आणि दिवसा भरपूर धावू-खेळू द्यावे. झोपण्याआधीच्या तासाभरात मोबाइल आणि टीव्ही बंद असावेत.

चौथी पायरी : झोपेआधीचा क्रम ठरवावा

अर्ध्या-पाऊण तासाचा, रोज त्याच क्रमाने होणारा कार्यक्रम ठरवावा: अंघोळ किंवा हातपाय धुणे, अंगाला हलके मालीश, झोपेचे कपडे, दात घासणे, एखादे चित्रांचे पुस्तक, अंगाई आणि मग दिवा बंद. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७ ते ३६ महिन्यांच्या मुलांच्या ४०५ मातांनी भाग घेतला होता. अंघोळ, मालीश आणि शांतपणे जवळ घेणे असा ठरलेला क्रम दोन आठवडे पाळल्यावर ती मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली आणि मातांची मनःस्थितीही सुधारली. यापैकी नेमके काय करावे यापेक्षा ते रोज त्याच क्रमाने करणे महत्त्वाचे आहे, कारण घड्याळ न कळणाऱ्या मुलाला या क्रमावरूनच पुढे काय होणार ते कळते.

पाचवी पायरी : झोपी जाणे मुलावर सोपवावे

सगळ्या प्रयत्नाचे मर्म याच पायरीत आहे, त्यामुळे ती घाईने उरकू नये. मुलाला पेंगुळलेले पण जागे असताना अंथरुणावर ठेवावे आणि आपली मदत हळूहळू, त्याला झेपेल अशा बेताने, कमी करत न्यावी. पहिल्या तीन-चार रात्री त्याच्या शेजारी बसून पाठीवर हात ठेवावा, पण उचलून घेऊ नये. पुढच्या तीन-चार रात्री हात न लावता नुसते शेजारी बसावे. मग खुर्ची हातभर दूर न्यावी, त्यानंतर खोलीच्या मध्यावर, मग दारापाशी आणि शेवटी दाराबाहेर, पण आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. प्रत्येक टप्प्यावर मूल थोडेसे रडेल आणि ते रडत असताना आपण तिथेच असू. म्हणूनच मला ही पद्धत सर्वांत माणुसकीची वाटते.

एकाच अंथरुणावर किंवा एकाच खोलीत झोपणाऱ्या कुटुंबांनाही हे करता येते. खोली वेगळी असण्याची गरज नसते. कुशीत घट्ट धरून झोपवण्याऐवजी आधी हात काढावा, मग दोघांमध्ये थोडे अंतर ठेवावे आणि शेवटी मूल आपल्या जागी आणि आपण आपल्या जागी झोपावे, एवढा बदल पुरेसा आहे.

मूल अंथरुणावर गेल्यावर तास-दीड तास झोपतच नसेल, तर काही दिवस त्याला ज्या वेळी खरोखर झोप लागते त्याच वेळी झोपवावे. पटकन झोप लागू लागली की ती वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटे अलीकडे आणावी.

काही पालक मुलाला झोपवून खोलीबाहेर जातात आणि रडणे चालू राहिल्यास ठरावीक, वाढत्या अंतराने आत येऊन धीर देतात. या पद्धतीने मुलाच्या मनावर कायमचा परिणाम होईल की काय, ही भीती अनेकांना छळते आणि ती अगदी समजण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी, ज्यांच्या पालकांना तान्हेपणी अशी क्रमाक्रमाची पद्धत शिकवली होती आणि ज्यांच्या पालकांना शिकवली नव्हती, अशा ३२६ मुलांपैकी २२५ मुलांची वयाच्या सहाव्या वर्षी तपासणी केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांच्या भावना, वागणूक आणि पालकांशी असलेले नाते यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. तरीही ज्या पालकांना रडणे सोसवत नाही, त्यांनी खुर्चीचीच पद्धत निवडावी. तिला वेळ जास्त लागतो, पण ती अर्ध्यावर सोडून देण्याचा मोह कमी होतो.

सहावी पायरी : मध्यरात्री रोज सारखेच वागावे

रडण्याचा आवाज येताच धावत जाऊ नये. एक-दोन मिनिटे थांबावे. पुष्कळदा मूल झोपेतच कण्हते, किरकिरते आणि पुन्हा शांत होते, आणि आपण घाईने उचलले तर त्याला पुरती जाग येते. रडणे वाढत गेले तर जावे. मोठा दिवा लावू नये, डायपर फार ओला नसेल तर बदलू नये. हळू आवाजात तेच ते दोन शब्द बोलावेत: "मी इथेच आहे. रात्र आहे, झोप आता." मूल पाळण्यात उभे राहून हात पसरत असेल तर त्याला एकदा अलगद आडवे करावे. ते पुन्हा उभे राहिले तर परत परत आडवे करण्याचा खेळ होऊ देऊ नये. शेजारी बसून गादीवर हात थोपटत राहावे. पाय दमले की ते आपणच खाली बसते आणि थोड्या वेळाने आडवे होते.

आई उठली तर दूध आणि बाबा उठले तर थोपटणे, असा फरक पडू देऊ नये. तीन रात्री धीर धरून चौथ्या रात्री अर्ध्या तासाच्या रडण्यानंतर कडेवर घेतले, तर अर्धा तास रडल्यावर घेतात, एवढेच मूल शिकते. पहिल्या काही रात्री रडणे वाढते आणि सुधारणा झाल्यावरही एखाद्या रात्री ते पूर्वीपेक्षा जोराने परत येते. तेव्हा उपाय फसला असे समजू नये. रोज तेच केले तर बहुतेक मुलांत एक-दोन आठवड्यांत फरक दिसू लागतो.

रात्रीचे दूध

वर्षभरानंतर निरोगी, वजन नीट वाढणाऱ्या मुलाला रात्री भुकेसाठी दूध लागत नाही. वजनाबद्दल शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. बाटलीतले दूध दर दोन रात्रींनी ३० मिलिलिटरने कमी करत जावे. अंगावर पाजत असल्यास प्रत्येक वेळचा अवधी मिनिटा-दोन मिनिटांनी घटवावा आणि शेवटचे पाजणे दात घासण्याच्या आधी आणावे. बाटली तोंडात ठेवून झोपवल्याने दात किडतात, हेही एक मोठे कारण आहे. दिवसाचे अंगावरचे दूध मात्र चालू ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटना ते पूरक आहारासह दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही देण्याची शिफारस करते.

किंचाळत उठणारे मूल

रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येताना, काही मुले उघड्या डोळ्यांनी किंचाळतात, हातपाय झाडतात आणि आईलाही ढकलतात. पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो, पण मूल झोपेतच असते आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. त्याला हलवून जागे करू नये. इजा होणार नाही एवढे पाहत शेजारी थांबावे. काही मिनिटांत ते शांत होते. अपुऱ्या झोपेने असे झटके वाढतात, त्यामुळे काही दिवस अर्धा तास लवकर झोपवून पाहावे. पहाटेच्या सुमारास रडत उठून आपल्याला बिलगणाऱ्या मुलाला बहुधा वाईट स्वप्न पडलेले असते, आणि त्याला जवळ घेऊन धीर देणेच योग्य.

औषधे आणि पालकांची झोप

गुंगी आणणारी सर्दी-खोकल्याची किंवा ॲलर्जीची औषधे झोपेसाठी देऊ नयेत. झोपेसाठी दिले जाणारे मेलाटोनिन हे संप्रेरकही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये.

घरात दोन मोठी माणसे असतील तर रात्र वाटून घ्यावी: एकाने दोन वाजेपर्यंत आणि दुसऱ्याने त्यानंतर उठावे, म्हणजे प्रत्येकाला निदान काही तास सलग झोप मिळते. राग अनावर होऊ लागला, तर मुलाला पाळण्यात किंवा सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. रडणाऱ्या मुलाला रागाने गदागदा हलवणे त्याच्या मेंदूला प्राणघातक इजा करू शकते, म्हणून ते कधीही करू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, किंवा मूल झोपलेले असतानाही आपल्याला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांशी बोलावे. ती उपचाराने बरी होणारी गोष्ट आहे.

ताप, प्रवास, घरात आलेले नवे भावंड किंवा जागेतला बदल यांनंतर लागलेली सवय बहुधा विस्कटते. आजारपणात मुलाला हवे तसे जवळ घ्यावे, त्यात काटकसर करू नये. ताप उतरून दोन दिवस झाले की खुर्ची पुन्हा अंथरुणाशेजारी ठेवून पाचव्या पायरीपासून सुरुवात करावी. या वेळी प्रत्येक टप्प्याला पूर्वीइतक्या रात्री सहसा लागत नाहीत.