ट्रकचा फॅन बंदच होत नाही किंवा लागतच नाही? क्लच खोलण्याआधी हवा बघा

मोठ्या ट्रकचा रेडिएटरचा फॅन सारखा घोंगावत राहिला किंवा चढाला टेम्परेचर वाढूनही लागला नाही की सगळ्यांचं बोट आधी फॅनला इंजिनशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या क्लचकडे जातं, आणि हजार-दीड हजार डॉलरचा क्लच बदलूनही फॅन तसाच, असं मी इकडे अमेरिकेत वर्कशॉपमध्ये बऱ्याचदा बघितलंय. आपल्याकडे देशात बऱ्याच ट्रकवर व्हिस्कस (दाट द्रवावर चालणारा) क्लच असतो, त्याचं तंत्र वेगळं. हे हवेवर चालणाऱ्या ऑन-ऑफ क्लचबद्दल आहे, जो इकडच्या लांब पल्ल्याच्या ट्रकवर सर्रास दिसतो.

आधी हात सांभाळा. इंजिन चालू असताना हा फॅन न सांगता कधीही लागतो, म्हणून फॅनजवळ हात घालायचा तर इंजिन बंद, चावी खिशात आणि चाकांना ठोकळे लावलेले, यात मी कुणालाच सूट देत नाही.

आता क्लच कुठल्या जातीचा आहे ते ओळखा, कारण पुढचं सगळं गणित त्यावर आहे. एका जातीत स्प्रिंग फॅन लावते आणि हवा तो सोडवते, म्हणजे हवा गेली तर फॅन चालूच राहतो आणि इंजिन वाचतं. दुसऱ्या जातीत उलटं, हवा आली तरच फॅन लागतो. इंजिन बंद करून क्लचची हवेची नळी काढा (आधी त्या लाइनमधलं प्रेशर सोडा) आणि पंखा हाताने फिरवा. पट्ट्यासकट घट्ट वाटला तर स्प्रिंगवाला, मोकळा फिरला तर हवेवाला. मग वर्कशॉपची हवा सरळ क्लचला द्या, साधारण 90 ते 120 पीएसआय, आणि परत फिरवून बघा. स्थिती लगेच बदलली आणि आत कुठे फुसफुस नाही, तर क्लच बहुतेक ठीक आहे, दोष मागे शोधा. फुसफुस क्लचमधूनच येत असेल तर सील गेलंय, त्याचं किट मिळतं.

क्लच ठीक निघाला की माझी आवडती टेस्ट. हवेच्या लाइनच्या क्लचजवळच्या शेवटच्या जोडावर टी (तीन तोंडांचा जोड) लावायचा, त्यातून लांब नळी काढून गेज फॅनपासून दूर बांधायचा आणि इंजिन चालू करायचं. इंजिन गार, एसी बंद, म्हणजे फॅन बंद असायला पाहिजे, तेव्हा स्प्रिंगवाल्या जातीत गेजवर ट्रकच्या हवेच्या टाकीइतकंच प्रेशर दिसायला हवं. टाकीत 120 आणि इथे 60 असेल तर क्लच धड सुटतही नाही आणि धड पकडतही नाही, मधेच घासत राहतो आणि लायनिंग (घासून पकड धरणारा थर) जळतं. मग मागे मागे जा, दबलेली नळी, सोलेनॉइडच्या (क्लचची हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) आधीचा चोंदलेला फिल्टर, सैल जोड, सगळीकडे साबणाचं पाणी मारा. गेजवर पूर्ण प्रेशर आहे आणि तरी फॅन जोरात फिरतोय तरच क्लचला दोष द्या. सुटलेला फॅनसुद्धा बेअरिंगच्या ओढीने हळूहळू फिरतो बरं का, ते नॉर्मल आहे.

सोलेनॉइडचं एक्झॉस्ट तोंड कुणी बघत नाही. तिथे चिखल बसला की हवा बाहेर पडत नाही आणि स्प्रिंगवाला क्लच वेळेवर लागत नाही, गाडी गरम होते आणि सगळे रेडिएटर धुवत बसतात. आणि उघडझाप झाल्यावरही त्या तोंडातून हवा सतत येत राहिली तर आतून सोलेनॉइड गळतोय. नवा टाकताना जुन्याचा नंबर जुळवूनच घ्या, नॉर्मली ओपन (वीज नसताना उघडा) आणि नॉर्मली क्लोज्ड (वीज नसताना बंद) दोन्ही दिसायला सारखेच, चुकीचा बसला तर फॅन बरोबर उलटा वागतो.

हवा ठीक असेल तर वीज. सोलेनॉइडच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा, लॅपटॉप असेल तर ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) फॅन चालू-बंद करायला सांगा आणि टिक आवाज येतो का ऐका. सांगितल्यावर फॅन नीट वागला तर सोलेनॉइड आणि क्लच दोन्ही चांगले, मग फॅन मागतंय कोण ते शोधा. कूलंट सेन्सर, इनटेक टेम्परेचर, एसीचा प्रेशर स्विच, इंजिन ब्रेक, डॅशवरचं बटण, यातलं कुणीही मागू शकतं, आणि सेन्सरची वायर तुटली तर ईसीएम इंजिन वाचवायला फॅन चालूच ठेवतो.

माझ्याकडे एक ट्रक आला होता, दुसऱ्या वर्कशॉपने नवाकोरा क्लच टाकलेला, फॅन तरीही अखंड चालू. एसीच्या प्रेशर स्विचचा कनेक्टर उघडला तर एका पिनवर हिरवा गंज, नखाने खरवडला तसा पिनचा तुकडाच हातात आला. नवीन पिन बसवली, एक मिनिटात फॅन शांत. ड्रायव्हर म्हणाला, तीन आठवडे डिझेल उगाच गेलं, आणि ते खरंच होतं, कारण पूर्ण लागलेला फॅन मोठ्या इंजिनाची 40-50 हॉर्सपॉवर सहज खातो. इतक्या साध्या गोष्टीसाठी त्या माणसाचा पैसा गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

क्लचच खराब निघाला तर पात्याचं टोक धरून पुढेमागे हलवा, खडखड आली तर बेअरिंग. लायनिंग किती उरलंय ते कंपनीच्या मापाने बघा, निळसर जळके डाग आणि इंजिन ऑइल उडालंय का तेही बघा, ऑइलची गळती न थांबवता नवीन लायनिंग टाकलं तर तेही घसरणार. लायनिंगची भुकटी हवेने उडवू नका, ती छातीत जाते.

रस्त्यात अडकलात आणि फॅन लागतच नाही, तर बऱ्याच क्लचला बोल्टने लॉक करायची सोय असते. कुठल्या भोकात कुठला बोल्ट ते त्या मॉडेलच्या कागदातच बघा. वर्कशॉपपर्यंत तसंच जा आणि पोचल्यावर पहिल्यांदा ते बोल्ट काढायला सांगा.