दहा मैलांचं वर्तुळ : एअर शोच्या दिवसांत उडणाऱ्या नवख्यांसाठी

मी नकाशावर काढलेला पहिला एअर शो पैठणच्या नाथसागरात बुडाला होता.

तेव्हा मी धाराशिवच्या धावपट्टीवर शिकत होतो. सरांनी सरावासाठी एक नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठी निघणारी सूचना, हातात दिला : चिकलठाण्याला, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर, हवाई प्रात्यक्षिकं, केंद्र १९५२ उत्तर ०७५२४ पूर्व, त्रिज्या दहा नॉटिकल मैल. मी ऐटीत मोबाइलच्या नकाशात १९.५२ आणि ७५.२४ टाकलं, भोवती वर्तुळ काढलं आणि सांगून टाकलं, "सर, शहराकडची वाट मोकळी आहे." सरांनी नकाशा पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पाणकोंबड्यांचा शो आहे का रे?"

अंशाचे भाग साठ असतात, शंभर नाहीत. १९ अंश ५२ मिनिटं म्हणजे १९.८६७. एवढ्याशा गफलतीनं माझं वर्तुळ विमानतळापासून चाळीसेक किलोमीटरवर जाऊन पडलं. ही चूक वर्गात सगळे हसण्यावारी नेतात, पण आजही कुणी नवीन मुलगा नकाशा दाखवायला आला की मी आधी हेच तपासतो. दर दोन-तीन मुलांमागे एक जण पाण्यात सापडतो.

खासगी वैमानिकाचा परवाना मिळवताना डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) पेपरांत नोटॅमची व्याख्या पाठ करावी लागते, ती सगळेच करतात. वय सतरा पूर्ण, चाळीस तासांचं उड्डाण, वैद्यकीय, रेडिओची परीक्षा, या सगळ्यांतून माणूस पार पडतो. मात्र शेजारच्या शहरात एअर शो लागला की आपल्या छोट्या सेसना विमानाचं काय करायचं, याची तालीम फारशी कुणी करून घेत नाही. मराठवाड्यात तर अजिबातच नाही, कारण इथलं आकाश एरवी माळरानासारखं मोकळं असतं. सवयच लागत नाही.

आकाश बंद का करतात, हे एकदा कळलं की चिडचिड निम्मी होते. वायुसेनेचं सूर्यकिरण पथक १९९६ मध्ये उभं राहिलं. त्याचा तळ बिदरला, म्हणजे आपल्या उदगीरहून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर. नऊ हॉक जेट एकमेकांच्या पंखांना जवळजवळ चिकटून उडतात. त्यातल्या प्रत्येक वैमानिकाची नजर शेजारच्या विमानावर खिळलेली असते. समोरून कोण येतंय, हे पाहणं त्याच्या कामात बसतच नाही. तेव्हा तुमचं विमान त्याला दिसेल हा भरवसा सोडा. आणि "आज तर फक्त रिहर्सल आहे" हे वाक्य तोंडात येऊ देऊ नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळुरूजवळ येलहंक्याला एरो इंडियाच्या आदल्या दिवशी सूर्यकिरणची दोन विमानं हवेत धडकली आणि एका वैमानिकाचा जीव गेला, तीही रिहर्सलच होती. म्हणूनच शो रविवारी असला तरी आकाश आधीचे काही दिवस ठरावीक तास बंद असतं. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चेन्नईच्या मरीनावर वायुसेनेचे कार्यक्रम झाले. लोकांनी वर्तमानपत्रात शोची तारीख वाचली. वैमानिकाला ती तारीख पुरत नाही.

आता नोटॅम कसा वाचायचा ते सांगतो. माझ्या मते तो नुसता वाचायचाच नाही, तो आपल्या घड्याळात, आपल्या उंचीत आणि आपल्या नकाशावर उतरवून काढायचा.

घड्याळ आधी. बी रकान्यात सुरुवात, सी रकान्यात शेवट, दहा आकडी : वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं. सगळं यूटीसीमध्ये, जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ०४३० म्हणजे आपले सकाळचे दहा. रात्रीच्या वेळा जास्त फसवतात. दहा तारखेचे २३३० म्हणजे आपल्याकडे अकरा तारखेची पहाट, पाच वाजता. तारीखच बदलते. त्यातही बी आणि सी हा नुसता बाहेरचा कुंपणाचा तार असतो. रोजचे खरे तास डी रकान्यात असतात. माझा एक मित्र बी-सी पाहून पाच दिवस घरी बसला. डी रकान्यात रोजचे तीनच तास होते.

उंची एफ आणि जी रकान्यांत. इथे मराठवाड्याची जमीन मध्ये येते. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. वरची मर्यादा "५,००० फूट एएमएसएल", म्हणजे समुद्रसपाटीपासून, लिहिलेली असेल तर जमिनीपासून ती जेमतेम ३,१०० फूट झाली. "मी वरून जाईन" म्हणणाऱ्यानं आधी ठरवावं की तो कुठल्या शून्यापासून मोजतोय.

आणि नकाशा. क्यू ओळीच्या शेवटी अक्षांश-रेखांश आणि तीन आकडे असतात, ते त्रिज्येचे, नॉटिकल मैलांत. ०१० म्हणजे दहा मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर. चिकलठाण्याभोवती तेवढं वर्तुळ काढलं तर अख्खं शहर आत, करमाड आत, दौलताबादचा किल्ला थोडक्यात बाहेर राहतो. क्यू ओळीतले आकडे मिनिटांपर्यंतच असतात, नेमकी हद्द ई रकान्यात वाचायची. त्याच क्यू ओळीत पाच अक्षरांचा एक कोड असतो. आरटी दिसलं तर तात्पुरतं प्रतिबंधित क्षेत्र, डब्ल्यूए म्हणजे हवाई प्रात्यक्षिक, डब्ल्यूबी म्हणजे कसरती. एवढे तीन डोक्यात राहिले तरी लांबलचक यादीतून आपल्या कामाचा नोटॅम पटकन सापडतो.

शोधायचा कुठे, यातही मेख आहे. नुसतं विमानतळाच्या कोडखाली, म्हणजे व्हीएएयूखाली शोधू नका. वाटेतलं आकाश मुंबई एफआयआरच्या (उड्डाण माहिती क्षेत्राच्या), व्हीएबीएफच्या नावावर असतं आणि वर्तुळ तिथे निघालेलं असू शकतं. लातूर-उदगीरकडे उडणाऱ्यांनी बिदरकडचं वेगळं पाहावं. विमान महाराष्ट्रातच राहणार असलं तरी तिकडचे कोड व्हीओने सुरू होतात, आपल्या यादीत ते येतच नाहीत.

एवढं सगळं मला येत होतं. तरी फसलो.

परवाना नवा होता. माजलगावच्या मामांच्या पुतण्याचा साखरपुडा संभाजीनगरला होता आणि मामांना विमानातून न्यायचं मी भर पंगतीत कबूल केलं होतं. (खासगी परवान्यावर पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही. मामांनी जेवणाचं आमिष दाखवलं होतं, तेवढं चालतं असं मी मानतो.) शहरात त्या आठवड्यात प्रात्यक्षिकं होती. आदल्या रात्री मी नोटॅम काढला : रोज ०४३० ते ०७३०, म्हणजे दहा ते एक. वर्तुळ काढलं, या वेळी जमिनीवर पडलं. धाराशिव ते चिकलठाणा शंभरेक मैल, आमच्या सेसना १७२ ला एक तास पाच मिनिटं. साडेआठच्या आत निघायचं, साडेनऊला उतरायचं. एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसीचे (उड्डाण माहिती केंद्राचे) नंबर घेतले. मन निश्चिंत.

सकाळी इंधन भरायला वेळ लागला. निघालो आठ पन्नासला. पोचायची वेळ झाली नऊ पंचावन्न, आकाश बंद होणार दहाला. पाच मिनिटं हातात ठेवून उडणं हा मूर्खपणा होता हे आज लिहिताना स्पष्ट दिसतं. तेव्हा शेजारी मामा नवा फेटा बांधून बसले होते.

उंची दिशेवरून ठरते; वायव्येची वाट, म्हणून ६,५०० फूट. बालाघाटाचे डोंगर गेले, बीड अगदी नाकासमोर आलं. पुढे गेवराई उजव्या हाताला आणि गोदावरीचा पट्टा दिसत असताना मी रेडिओवर चिकलठाण्याच्या नियंत्रण टॉवरला हाक दिली. उत्तर आलं : हवाई क्षेत्र बंद आहे, दहा मैलांच्या बाहेर राहा. मी घड्याळ पाहिलं, साडेनऊ. म्हटलं, ०४३० ना? पलीकडून शांतपणे सांगितलं, ०४०० ते ०७००, नोटॅम बदललाय.

रात्रीतून जुन्या नोटॅमच्या जागी नवा निघाला होता. तसं होतं. त्यासाठी नोटॅमआर हा प्रकारच आहे, जुना काढून नवा बसवणारा, आणि रद्द करणारा नोटॅमसी. हिवाळ्यात सकाळी धुरकं असतं, पाहुण्यांच्या वेळा हलतात, तास पुढेमागे होतात. मी रात्रीचा कागद घेऊन सकाळी उडालो होतो. आणि एडीसीचा नंबर हातात आहे म्हणजे पुढची वाट मोकळी, असं मी मनातल्या मनात गृहीत धरलं होतं. ते दोन वेगळे विषय आहेत.

मग टॉवरनं विचारलं, "एन्ड्युरन्स?" म्हणजे अजून किती वेळ हवेत राहू शकतोस. मला लिटर माहीत होते. तासाला साधारण ३२ ते ३५ लिटर जातात हेही माहीत होतं. पण भागाकार करायला मला जो वेळ लागला, त्या शांततेत मामा माझ्याकडे वळून पाहू लागले. शेवटी "दोन तास तीस" असं काहीतरी बोललो, तेही परतीचा वेळ न वजा करता.

पैठणच्या दक्षिणेला, नाथसागरापासून लांब राहून गिरक्या घालत राहिलो. जायकवाडीत हिवाळ्यात पक्ष्यांची गर्दी असते, पाण्यावरून खाली उतरण्याचा मोह टाळावा. मामा म्हणाले, "कामून थांबलास? रिकामंच तर हाय समदं." खरंच रिकामं दिसत होतं. बंद आकाशाला फाटक नसतं. पंधरा मिनिटांनी शहाणपण सुचलं : साडेबारापर्यंत थांबण्याइतकं इंधन नाही, तर आत्ताच परत फिरावं. साडेदहाच्या सुमारास धाराशिवला उतरलो. मामा लालपरीनं गेले, अंगठ्या घालून झाल्यावर पोचले. जेवण मात्र त्यांना मिळालं.

त्या गिरक्या घालताना मी एक तरी गोष्ट बरोबर केली, वर्तुळाच्या कडेला चिकटलो नाही. दहा मैल लिहिलेत म्हणजे मी निदान पंधरावर फिरतो. वारा ढकलतो, बोलता बोलता नाक वळतं. चुकून आत घुसलातच तर लपायला जाऊ नका. लगेच बाहेर वळा आणि टॉवरला सांगा. टॉवर मिळत नसेल तर १२१.५, ही रेडिओची आणीबाणीची वारंवारता. एखादं लष्करी विमान डावीकडे, जरा पुढे येऊन पंख हलवू लागलं तर आपणही पंख हलवायचे आणि त्याच्यामागे जायचं. आपली बाजू मांडायची ती जमिनीवर उतरल्यावर.

आता मी नोटॅम तीनदा पाहतो : आदल्या रात्री, पहाटे उठल्यावर आणि विमानात चढण्याआधी. शेवटच्या वेळी जिथे उतरायचंय तिथल्या एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) फोनही करतो. नवख्यांना हा फोन करायला लाज वाटते, कुणी झापेल अशी भीती असते. मला आजवर एकदाही कुणी झापलेलं नाही, उलट "बरं झालं विचारलंत" हेच ऐकलंय. बंद होण्याच्या वेळेआधी किमान पाऊण तास उतरलेलो असेन, तरच निघतो. नाहीतर उघडल्यावर जातो.

उघडल्यावरही घाई नको. वेळ संपली म्हणून आत शिरायचं नसतं, टॉवरनं सांगितल्यावर शिरायचं. शिवाय अडकलेले सगळे एकदमच निघतात. गेल्या खेपेला मी लातूरहून आलो होतो. बंदची वेळ संपून चार मिनिटं झाली होती, रेडिओवर प्रवासी विमानासकट तीन जण आधीच बोलत होते. माझा नंबर चौथा. टॉवरनं थांबायला सांगितलं आणि विचारलं, "एन्ड्युरन्स?"

मांडीवरच्या कागदावर निघतानाच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. परतीचं वजा करून, चाळीस मिनिटं. वाचून दाखवलं.