सरासरी आपल्या हातात नसते: मानवी भांडवलाचं मॉडेल सोडवताना

एम.ए. अर्थशास्त्राला वृद्धीचा पेपर घेतलेल्यांसाठी लिहितोय. उझावा यांनी १९६५ मध्ये पाया घातलेलं आणि रॉबर्ट लुकास यांनी १९८८ मध्ये पुढे नेलेलं मानवी भांडवलाचं (माणसांच्या कौशल्याचं) मॉडेल शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मी तीन आठवडे सोडवत होतो. गणित जुळायचं, पण उत्तर चुकायचं.

आधी एक गैरसमज काढून टाका. इथे स्थिर अवस्था म्हणजे सगळं थांबलं असं नाही. उत्पादन, भांडवल, कौशल्य वाढतच राहतं. स्थिर असतो तो वाढीचा दर, आणि माणूस कामाला व शिकायला किती वेळ देतो ती वाटणी.

माझी चूक कळली ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मामाच्या वर्कशॉपमध्ये. तिथला एक पोरगा संध्याकाळचे क्लास करून सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) प्रोग्रॅमिंग शिकला. मामा म्हणाला, "ह्यो शिकला आन् शेजारच्या चार मशीनवरचा माल रिजेक्ट व्हायचा कमी झाला." त्या पोराचा पगार वाढला तो त्याच्या स्वतःच्या कामापुरता. बाकी चौघांचं जे सुधारलं, त्याचा रुपयाही त्याच्या पाकिटात आला नाही. मग किती शिकायचं हे ठरवताना तो ते का मोजेल?

हीच मॉडेलमधली बाह्यता, म्हणजे एकाच्या शिकण्याचा इतरांना फुकट मिळणारा फायदा; तो किती मोठा ते गॅमा सांगतो. उत्पादन फलनात (उत्पादन कशाकशावर ठरतं ते सांगणाऱ्या सूत्रात) कौशल्य दोनदा येतं: एकदा स्वतःचं, एकदा समाजाची सरासरी म्हणून. विकेंद्रित संतुलनात, म्हणजे प्रत्येक जण बाजारात स्वतःपुरतं ठरवतो तेव्हा, कुटुंब ही सरासरी दिलेली धरतं. म्हणून आधी सरासरी स्थिर धरून प्रथम क्रमाच्या अटी (सर्वोत्तम निवडीची समीकरणं) काढायच्या, आणि सरासरी म्हणजेच स्वतःचं कौशल्य हे त्यानंतर घालायचं. मी ते आधीच घालत होतो. त्यामुळे माझ्याही नकळत मी नियोजकाचा, म्हणजे सगळ्या समाजाचा फायदा मोजून ठरवणाऱ्याचा, प्रश्न सोडवत होतो.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. लोकसंख्या स्थिर, शिकण्याची परिणामकारकता डेल्टा ०.०५, अधीरता (उद्यापेक्षा आजचा उपभोग किती प्रिय) रो ०.०२, उपभोग वर्षानुवर्षं सारखा ठेवण्याची ओढ सिग्मा २, भांडवलाचा वाटा आणि गॅमा दोन्ही १/३. विकेंद्रित संतुलनात कौशल्य वर्षाला १.२ टक्क्यांनी वाढतं आणि २४ टक्के वेळ शिकण्यात जातो. नियोजकाच्या उत्तरात वाढ साधारण १.८३ टक्के, शिकण्याचा वेळ जवळपास ३७ टक्के. ही दरी बाजार आपणहून भरत नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या निर्णयाचं मोल मला या दोन आकड्यांमुळे नव्याने कळलं.

उत्तर तपासायला व्याजदर काढा. विकेंद्रित संतुलनात भांडवलावरचा परतावा आणि शिकण्यावरचा परतावा सारखा हवा. वरच्या आकड्यांना दोन्ही ५.६ टक्के येतात. मग गॅमा शून्य करा. विकेंद्रित आणि नियोजकाचा, दोन्ही वाढदर १.५ टक्क्यांवर एकत्र यायला हवेत. नाही आले, तर पहिल्या पानावर जाऊन सरासरीचं अवकलन (डेरिव्हेटिव्ह) कुठे केलंय ते शोधा.