नवा मासा खात नाही? आधी पाणी बघा, मग डबा उघडा

घरच्या काचेच्या टाकीत नवीन आणलेला मासा पहिल्या दिवशी खात नसेल तर घाबरण्यासारखं काहीच नाही. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी सहसा मरत नाही, पण त्याला खाऊ घालायच्या नादात टाकीत पडून सडलेलं खाणं त्याला दोन-तीन दिवसांत मारू शकतं. आपल्याकडं नवीन मासे उपासानं नाही, पाण्यानं जातात. म्हणून खाण्याचं नंतर सांगतो.

आता मराठवाड्यात पाण्याची तऱ्हा अशी की एकाच घरात कधी नळाचं, कधी टँकरचं, कधी बोअरचं अन् पिण्यासाठी जारचं, आणि टाकीत त्यातलं जे हाताला लागेल ते पडतं. नळाच्या अन् टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं, गावात तर ग्रामपंचायत टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकते ती कधी जास्त कधी कमी, नळाला उग्र वास आला की समजायचं आजच पडलीय. ते पाणी तसंच टाकीत गेलं की माशाचे कल्ले भाजतात, मग तो खाईल कसा. बादलीत उघडं ठेवून २४ तास एअर पंप सोडायचा, नाहीतर दुकानात अँटी क्लोरीनची बाटली मिळते ती बाटलीवर लिहिलंय तेवढीच टाकायची. संभाजीनगरवाले नाहीतरी जायकवाडीचं पाणी हौदात भरून दिवस काढतात, त्यात शिळ्या पाण्याचा हा एक फायदा.

बोअरला क्लोरीन नसतं पण क्षार लई. आपली जमीन सगळी काळ्या दगडाची, खोल गेलेल्या बोअरचं पाणी जड, आणि टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावला तर हजाराच्या पुढं आकडा दाखवणाऱ्या बोअरी काही कमी नाहीत. अशा पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी मजेत राहतात. गप्पी म्हणजे हिवताप विभागवाले डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात तेच, फक्त दुकानातले रंगीत. निऑन टेट्रा किंवा डिस्कस मात्र हलक्या पाण्यातले मासे, ते बोअरच्या पाण्यात आणून मग खात नाही म्हणून रडायचं म्हणजे उगं जीव घेणं आहे. आणायचेच असतील तर निम्मं बोअरचं निम्मं जारचं असं करा, पण नुसतं जारचं भरू नका, त्यात खनिजं जवळपास नसतातच आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, एकदम घसरू शकतो.

आणखी एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. टाकी नवीन असेल, म्हणजे काल धुतली, आज भरली, संध्याकाळी मासे, तर माशाच्या घाणीतून निघणारा अमोनिया खाणारे जिवाणू त्या फिल्टरमध्ये अजून तयारच झालेले नसतात. त्यांना साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. ते आधी अमोनियाचं नायट्राइट करतात अन् मग नायट्रेट, त्यातलं अमोनिया अन् नायट्राइट दोन्ही विषारी. आणि आपलं पाणी जड म्हणजे बहुतेक वेळा पीएचही चढा, पीएच ७ चा ८ झाला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. त्यामुळं कुणा मित्राची जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज आणून आपल्या टाकीत पिळा, तयार जिवाणू मिळतात, काळं पाणी बघून घरचे नाक मुरडतील, मुरडू द्या. आणि आपला स्पंज नळाखाली कधी धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळायचा.

मासा आणताना. बरेच मासे कोलकाता, चेन्नई, मुंबई असा प्रवास करून आपल्याकडं येतात, म्हणजे दुकानात पोचले तेव्हाच अर्धे दमलेले. आजच माल आलाय म्हटलं तर आज घेऊ नका, चार-पाच दिवसांनी जा, जे तगलेत ते घ्या. घेण्याआधी दुकानदाराला म्हणा, भैय्या जरा खाणं टाकून दाखवा. तिथं खाताना दिसला तरच घ्यायचा, अन् काय खातो ते नीट विचारून घ्यायचं, जमलं तर तेच खाणं थोडं विकत घ्यायचं. ही एक गोष्ट केली तरी पुढचा निम्मा ताप वाचतो. पिशवीत ऑक्सिजन मारून घ्या आणि उन्हाळ्यात सकाळीच निघा, एसटीनं लांब जायचं असेल तर पिशवी पेपरात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात, गाडीच्या काचेपाशी ठेवली तर घरी पोचेपर्यंत कढी होते.

घरी आल्यावर टाकीचा लाइट बंद करा. पिशवी न उघडता १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा म्हणजे गरम-थंड सारखं होतं. मग उघडून थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत, पाच-पाच मिनिटांनी, चार-पाच वेळा. दुकान गावातलंच असेल तर आरामात करा, पण मासा दहा-बारा तास पिशवीत असेल तर जास्त घोळ घालू नका, कारण बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळं पीएच खाली असतो आणि अमोनिया निपचित असतो, पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो अन् तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान जुळलं की लगेच जाळीनं उचलून टाकीत. कसंही असो, पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, मोरीत ओता. टाकीत आधीपासून मासे असतील तर नव्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टबात ठेवलेलं बरं, त्याला साधा स्पंज फिल्टर पुरतो.

पहिले २४ तास खाणं नाही. लाइट नाही, काचेवर टकटक नाही, पाहुण्यांना बोलावून दाखवणं नाही. लपायला जागा पाहिजे, मडक्याचा तुकडा आडवा टाका, झाडं टाका, ज्याला लपायला जागा असते तोच लवकर बाहेर येतो, हे उलटं वाटतं पण तसंच आहे. टाकी टीव्हीशेजारी किंवा दाराच्या येण्या-जाण्यात असेल तर तीन बाजूंना पेपर चिकटवा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अगदी थोडं. थोडं म्हणजे दोन मिनिटांत संपेल एवढं. नाही खाल्लं तर दहा मिनिटांनी जाळीनं किंवा पाइपनं काढून टाका, उद्या परत. दाणा माशाच्या तोंडात मावतो का हेही बघा, बारक्या गप्पीला मोठे दाणे टाकून लोक म्हणतात खायनाच, अहो बोटांनी चुरा तरी करा. वर तरंगणारं खाणं फायटर, गप्पी, गोल्डफिश घेतील, पण तळाशी फिरणाऱ्या कोरीला बुडणारं पाहिजे, आणि काचेला चिकटणारा सकर रात्री खातो, त्याला लाइट बंद केल्यावर माशांच्या खाण्याची बुडणारी वेफर टाका. सकर घाण खाऊन जगतो म्हणून विकतात ते खोटं आहे, त्याला वेगळं खाणं लागतं.

दोन-तीन दिवस झाले तरी नाही म्हणतोय तर चव बदला. सुकवलेले ब्लडवर्म म्हणजे लाल अळ्या दहा मिनिटं पाण्यात भिजवून, किंवा आर्टेमिया म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव. गोल्डफिशला मटाराचा उकडलेला दाणा साल काढून. लसणाचा रस एक थेंब दाण्यावर चोळून देतात काही जण, काही माशांवर चालतो, करून बघायला हरकत नाही. जिवंत ट्युबिफेक्सचा, म्हणजे गाळातल्या बारीक लाल किड्यांचा, मोह मात्र टाळा, ती घाणेरड्या पाण्यातली असते अन् सोबत रोग आणते. ऑस्कर अन् फ्लॉवरहॉर्न या मोठ्या माशांचं वेगळंच, हे रुसतात. नव्या टाकीत ऑस्कर आडवा पडून मेल्यासारखा दिसतो अन् चार-सहा दिवस तोंड उघडत नाही, पाणी चांगलं असेल तर त्याला त्याच्या मर्जीवर सोडा.

काळजी कधी करायची? वर येऊन सारखा तोंड उघडझाप करायलाय, कल्ले भरभर चाललेत, पर मिटलेले, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, किंवा पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा. पहिल्या दोन्हीत औषध शोधू नका, लगेच २५-३० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेल्या पाण्यानं, आणि हवा वाढवा. फायटर अन् गुरामी अधूनमधून वरची हवा घेतातच, तो आजार नाही. ठिपके असतील तर व्हाइट स्पॉटचं औषध, पण सकर-कोरी असतील तर डोस जपून. पांढऱ्या दोऱ्यासोबत मासा बारीक व्हायलाय तर पोटात जंत असू शकतात, त्याचं औषध वेगळं. रोग ओळखल्याशिवाय निळं-हिरवं सगळं टाकत बसू नका.

हंगामाचंही बघायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडं पारा १० च्या खाली जातो, टाकीचं पाणी २० च्या आसपास आलं की गप्पी-एंजल खाणं कमी करतात, तिथं चव बदलून काय उपयोग, हीटर लावा, लिटरला एक वॅट धरा. उन्हाळ्यात उलटं. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, अन् मासा मात्र जास्त श्वास घेतो. आपली हवा कोरडी म्हणून झाकण काढून वर जाळी टाकून छोटा पंखा पाण्यावर सोडला तरी दोन-तीन अंश उतरतात. पाणी उडतं तेवढं जारच्या पाण्यानं भरा, बोअरनं भरत राहिलात तर क्षार साठत जातात. लाइट गेली की खाणं टाकायचं नाही, फिल्टर बंद असताना खाल्लेलं पचवायलाही ऑक्सिजनच लागतो. सेलवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

खायला लागला की लगेच मूठभर सुरू करू नका, पहिला आठवडा दिवसातनं एकदाच, मग दोनदा थोडं थोडं, अन् आठवड्यातून एक दिवस सुट्टी. पुढचे मासे आणायचे असतील तर मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या. आणि खाण्याचा डबा लेकरांच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवा, नाहीतर दुपारी तुम्ही झोपलेले असताना बिस्किट, पोळी, चुरमुरे सगळं टाकीत जातं.